मोठ्या आकड्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. टेक्सासमधल्या एका लहानशा गावात, लव्हेल नावाच्या म्हाताऱ्याच्या परसात, मांस भाजायच्या भट्टीशेजारी मी टांगलेला असतो.

लव्हेल जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडत होता आणि मी त्याचा जेवणाचा डबा होतो. निवृत्तीनंतर त्याचे हात स्वस्थ बसेनात. त्याने माझ्या पोटात तारा भरल्या, कुशीला एका मोडक्या कॉम्प्युटरचा पंखा लावला आणि अंगठ्याएवढी काच बसवून तिच्यावर आकडे उमटवले. भट्टी थंडावली की पंखा फिरवून निखारे फुलवायचे आणि दोनशे पंचवीस अंश फॅरनहाइट झाले की गप्प बसायचे, एवढेच माझे काम. पण ते मी चोख केले. जूनच्या एकोणीस तारखेला, काळ्या लोकांची गुलामी सुटल्याच्या सणाला, चर्चच्या अंगणात लव्हेलचे ब्रिस्केट, म्हणजे धुरावर भाजलेले गाईच्या छातीचे मांस, लोक बोटे चाटून खायचे. स्तुती अर्थातच लव्हेलची व्हायची. डब्याला कोण विचारतो!

पुढे लव्हेलचे डोळे अधू झाले. माझे इवले आकडे त्याला दिसेनात. तेव्हा तो "किती झालं गं?" अशी हाक मारू लागला आणि त्याची बायको अर्नेस्टीन स्वयंपाकघरातून पायऱ्या उतरून येऊ लागली. कपाळावरचा चष्मा खाली ओढून ती माझ्यापुढे वाकायची.

"दोनशे चाळीस! मांस भाजतोयस की बूट?"

"अगं, भट्टीचं दार तूच उघडं ठेवलंस मघाशी!"

भांडण पुरे करायला बसावे लागे, म्हणून परसात दुसरी खुर्ची आली. लाल सोडा पीत दोघे दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एकदा त्यांची लेक डनीता ह्यूस्टनहून आली. आईला गुडघा धरून पायऱ्या चढताना पाहून तिचा जीव कळवळला. तिने माझे झाकण कापले, जुनी काच काढून खिळ्यांच्या डबीत टाकली आणि तिच्या जागी तळहाताएवढे लाल आकडे बसवले. वीज देताच आधी तपासणीपुरते सगळीकडे आठच आठ पेटले. मी तर हरखून गेलो.

"आई, आता खिडकीतूनसुद्धा दिसेल. तुला उठायलाच नको."

"बरं झालं बाई, सुटले," अर्नेस्टीन म्हणाली.

आणि खरोखरच ती उठली नाही. माझे आकडे साऱ्या परसाला दिसत, पण माझ्यापुढे आता कोणी वाकत नव्हते. दुसऱ्या खुर्चीवर कोळशाचे पोते आले. लव्हेल लांबूनच माझ्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. दिवसभर माझ्या पंख्याची घरघर तेवढी चाले. मला फार एकटे वाटे. त्यालाही वाटत असावे, कारण सणाच्या आदल्या दिवशी राख काढताना तो मला म्हणाला, "उद्याचं झालं की भट्टी विकून टाकतो गड्या. एकट्यानं धूर खायची हौस नाही मला."

भट्टी गेल्यावर डबा कुणाला हवा?

जेवण संध्याकाळचे होते, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच मांस भट्टीत गेले. ऊन चढल्यावर लव्हेल उठला, गळ्यातला एप्रन काढला आणि चक्क माझ्या तोंडावर टाकला. माझ्यापुढे अंधार झाला. मग तो ओरडला, "अर्नी! आकडा किती झाला गं? मला दिसत नाही!"

खिडकीतून तिला सगळे दिसतच होते.

"हत्तीएवढे आकडे लावून दिलेत पोरीनं, तरी दिसत नाहीत?"

"नाही दिसत. ऊन पडलंय त्यांच्यावर."

मग पायऱ्या वाजल्या, एकेक, सावकाश. एप्रनचा कोपरा उचलला गेला आणि अर्नेस्टीनचा चष्मा माझ्यासमोर आला. किती दिवसांनी!

"दोनशे पंचवीस," ती म्हणाली आणि तिने कोपरा पुन्हा नीट खाली सोडला. मग पोते सरकवल्याचा आवाज आला आणि खुर्ची करकरली.

"मेल्या, गुडघा दुखतोय माझा. सारखी चढउतार नाही व्हायची. इथंच बसते."

भट्टी विकायची गोष्ट त्यानंतर निघाली नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची धूळ पुसा, तारा उंदरांपासून जपा, हे मी सांगायला नकोच. पण घरातले एखादे माणूस दुसऱ्याला सारखे "किती झालं गं?" असे विचारत असेल, तर त्याची अडचण घाईने दूर करू नका. मी आता बहुतेक वेळ एप्रनखालीच असतो. अंधारात एकटे वाटते, नाही असे नाही. माझे एवढे मोठे आकडे कोणी बघत नाही. पण बाहेर दोघे भांडत असतात, आणि मला सगळे ऐकू येते.