आबेलची लांब केबल

दुपारचे साडेतीन वाजून गेले तरी ताम्बोरा ऐकू येत नव्हता.

चौकातल्या बदामाखाली, आवाजाच्या मिक्सरच्या मागे उभा राहून एलिएसेर मंचाकडे पाहत होता. मंचावर निकानोरकाका दोन जाड काठ्यांनी ताम्बोराच्या, त्या मोठ्या ढोलाच्या, चामड्यावर आणि लाकडी अंगावर जीव ओतून ठोके देत होते. हात वर जाताना दिसत होते, खाली येताना दिसत होते. पण त्यांचा आवाज चौक ओलांडून येईपर्यंत, कुणी अंगणात रिकामं पोतं झटकावं, तसा पोकळ होऊन जात होता.

काका एकोणऐंशी वर्षांचे होते आणि त्यांची मनगटं थकली होती. गेल्या वर्षी शेजारच्या गावच्या जत्रेत मागच्या रांगेतल्या बायकांनी विचारलं होतं, की ढोल घरी विसरलात काय. तो प्रश्न काकांच्या कानावर गेला होता. म्हणूनच वादकांच्या मंडळाने हा सबवूफर आणला: कमरेएवढं काळं खोकं, अ‍ॅम्प्लिफायर पोटातच, वीज आणि सिग्नल मिळाला की धरणीतून बोलणारं. मंडळाची गायिका आणि सर्वेसर्वा दोन्या रुफिना हिने सकाळीच सांगून टाकलं होतं, की पाचच्या आत ताम्बोरा ऐकू आला तर काका वाजवतील; नाही आला तर तिचा भाचा येर्सोन. येर्सोन चर्चच्या पायरीवर बसून तळलेला कारिमान्योला खात होता. स्वतःच्या काठ्या त्याने मांडीखाली लपवल्या होत्या, आणि त्या लपवल्याचं सगळ्यांना दिसत होतं.

एलिएसेर पिकोवाल्याचा मुलगा. त्याचे वडील आबेल यांचा पिको, म्हणजे भिंतीएवढ्या रंगीत ध्वनिपेट्यांचा तो डोलारा, ‘विंचू’ नावाने साऱ्या किनाऱ्यावर प्रसिद्ध होता. त्यामुळे एलिएसेरने आधी तेच केलं जे पिकोवाल्याचा कोणताही मुलगा करील: सबवूफरच्या पाठीवरचा नॉब वाढवत नेला आणि घरांचे पत्रे थरथरण्याची वाट पाहिली. पत्रे थरथरले नाहीत. लाल दिवा मात्र लुकलुकू लागला, आणि एक कंटाळवाणी घरघर चौकभर पसरली.

“पोरा, हे खोकं बोलायला आणलंय का घोरायला?” रुफिनाने मंचावरून विचारलं. वादक हसले. काका हसले नाहीत. त्यांनी काठ्या खाली ठेवून तळवे पँटला पुसले.

एलिएसेरने माईक बदलला. ढोलाच्या जवळ नेला, लांब नेला, खालच्या बाजूने लावून पाहिला. खोकं मंचाच्या डाव्या कोपऱ्यातून ओढत मध्यावर आणलं, तेव्हा गुडघा सोलून निघाला. मिक्सरवर माईक दुसऱ्या खाचेत जोडला. प्रत्येक बदलानंतर तो काकांना हात करी, काका निमूटपणे ठोके देत, आणि प्रत्येक वेळी तेच रिकामं पोतं झटकलं जाई. विक्रेत्याने खोकं फुटकं दिलं, अशी त्याची खात्री होत आली होती. सगळ्यावर त्याचा संशय गेला. एका वस्तूवर गेला नाही.

ती वस्तू म्हणजे मिक्सरपासून सबवूफरपर्यंत गेलेली केबल. वरच्या स्पीकरना त्याने बाजारातल्या नव्या केबली लावल्या होत्या. पण ही सर्वांत लांब, सर्वांत जाड केबल आबेलच्या हातची होती. वडील गेल्यावर ‘विंचू’ तुकड्यातुकड्यांनी विकला गेला, तेव्हा एलिएसेरने ही एवढी एकच गोष्ट मागून घेतली होती. आबेलचा तारा जोडायचा डाख कधी चुकत नाही, असं सारा किनारा म्हणायचा.

चार वाजून वीस मिनिटांनी वैतागाच्या भरात त्याने वरचे दोन्ही स्पीकर बंद करून टाकले. काका नेमके त्याच वेळी हात मोकळा करायला ठोके देत होते. आणि ताम्बोरा आला. जमिनीतून आला, बदामाच्या मुळांतून आला, एलिएसेरच्या बरगड्यांत येऊन बसला. काकांनी दचकून काठीकडे पाहिलं. त्याने स्पीकर पुन्हा सुरू केले. आवाज वाढायला हवा होता, तो विरला. त्याने सबवूफर निम्म्याने कमी केला, तर ढोल उलट थोडा भरला.

कमी केल्यावर जास्त. म्हणजे खोकं मुकं नव्हतंच. दोन आवाज एकमेकांना खात होते: एक बाहेर ढकलत होता तेव्हाच दुसरा आत ओढत होता.

मंचामागे उकिडवं बसून त्याने वडिलांच्या केबलचा प्लग उघडला. आत लाल तार जिथे असायला हवी तिथे पांढरी होती. दुसरं टोक उघडलं. तिथे लाल तार आपल्या जागी होती. एकाच टोकाला अदलाबदल. डाखाचे थेंब गोल, चकचकीत, सारखे. ही चूक नव्हती. आबेलचा डाख चुकत नसे.

त्याला ओट्यावर बसलेले वडील आठवले, मांडीवर नवी तबकडी घेऊन, ब्लेडने तिच्या मधलं लेबल खरवडताना. गाण्याचं नाव कुणा दुसऱ्या पिकोवाल्याला कळू नये म्हणून सगळेच तसं करत. केबलही तशीच खरवडलेली होती तर. ‘विंचू’च्या पोटातही कुठेतरी तारा उलट्या असणार, म्हणजे तिथे सारं सरळ होत असणार; आणि ही केबल चोरून वा मागून नेणाऱ्याचा आवाज मात्र पोकळ पडणार. सबंध किनाऱ्यापासून त्यांनी हे लपवलं, ते ठीक. पण माझ्यापासून? दहा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून डाख देत होतो.

डोळ्यांत आलेलं पाणी रागाचं होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

“काय सापडलं रे?” काका वरून वाकून विचारत होते.

“बाबांनी तारा उलट्या जोडल्यात, काका. मुद्दाम.”

काकांनी आणखी वाकून त्या प्लगमध्ये डोकावलं. “आबेल ना,” ते म्हणाले, “भाजी आवडली हेसुद्धा बायकोला सांगायचा नाही.”

तारा कापून सरळ करता आल्या असत्या. डाखणी खिशात होती. एलिएसेरने दोन्ही प्लग परत बंद केले आणि सबवूफरच्या पाठीवरचं, दिवसभर ज्याला हात लावला नव्हता ते, आवाजाचं ढकलणं-ओढणं उलटं करणारं छोटं बटण दाबलं.

काकांनी ठोका दिला. पायरीवरून कबुतरं उडाली. रुफिना बोलता बोलता थांबली. नॉब अजून वरच होता, आणि ढोल एखाद्या पंचविशीतल्या गड्याने बडवावा तसा चौकभर गरजत होता. येर्सोनने खाणं थांबवून मान वर केली. एलिएसेरला वाटलं, असंच राहू द्यावं.

पण काकांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“उतरव जरा.”

“काका, मागच्या रांगेपर्यंत—”

“उतरव, लेका. मी आहे एवढं कळू दे त्यांना. मी तगडा आहे असलं खोटं नको सांगूस.”

एलिएसेरने नॉब हळूहळू मागे आणला. मागची रांग जिथे बसणार तिथे जाऊन उभा राहिला, परत आला, आणखी केसभर उतरवला, पुन्हा गेला. चौथ्या खेपेला बासरीखाली, रुफिनाच्या आवाजाखाली ताम्बोरा होता: म्हाताऱ्या माणसाचा हलका, नेमक्या जागी पडणारा ठोका. लक्ष दिलं तर ऐकू येणारा, आणि थांबला असता तर सगळ्यांना जाणवलं असतं असा.

रुफिना पाच वाजायला दहा मिनिटं असताना भाच्याकडे वळली. “तू मराकाचे खुळखुळे घे,” एवढंच ती म्हणाली. येर्सोनने मांडीखालच्या काठ्या काढून पिशवीत टाकल्या. तो इतका झटकन उठला, की त्यालाही हेच हवं असावं.

लोक खुर्च्या घेऊन येऊ लागले. एलिएसेरने पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडला, केबलच्या मानेभोवती गुंडाळला आणि पेनाने त्यावर लिहिलं: ‘उलट’. वडिलांनी हा शब्द नखाने खरवडून काढला असता. त्याने पट्टीवर अंगठा दाबून धरला, ती नीट चिकटेपर्यंत, आणि मग मिक्सरकडे गेला.