मागून फुटणारे डोळे

डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरचं हे औषध वाढत्या पेशीला धरतं. झोपलेली पेशी त्याला सापडत नाही. ती जागी होईल तेव्हा पुढचा डोस अंगात हवा. म्हणून तारीख चुकवायची नाही."

रोहिणीला कळलं नाही. तिच्या नवऱ्याला, नवनाथला, लगेच कळलं. दिंडोरीच्या द्राक्षवाल्याला हे कोणी शिकवायचं?

"अगं, वेलाच्या काडीवरचे डोळे. छाटल्यावर फुटीची पेस्ट लावली तरी सगळे एकदम फुटतात का? काही मागून फुटतात. तसंच हाय हे."

"मग माझीबी छाटणीच चाललीय म्हणा," केस गेलेल्या डोक्यावरचा पदर चाचपत रोहिणी म्हणाली. डॉक्टरही हसले.

काही डोसांनंतर रोहिणीच्या काखेतली गाठ बोटाला लागेनाशी झाली. ऑक्टोबर आला. हरसूलकडच्या बाया छाटणीला आल्या.

"अहो, डोस घेतला की आठवडाभर मी आडवी. बायांच्या मागं कोण फिरणार? आता गाठ तर गेलीय. छाटणी उरकू, मग जाऊ."

नवनाथ म्हणाला

नाही. पुन्हा.

नवनाथ म्हणाला, "गप गाडीवर बस. बाग गेली खड्ड्यात." ती बसली. दवाखान्याच्या वाटेवरचं म्हसरूळ येईपर्यंत मागून भांडत राहिली, आणि

नाही.

नवनाथ म्हणाला ते एवढंच, "बरं. एवढी पेस्ट होऊ दे."

पेस्ट झाली. मग विरळणी. मग डाऊनीचा रोग आला, फवारण्या आल्या. मालाची गाडी भरली त्या दिवशी रोहिणीच्या मानेला गाठ लागली.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "मधे कुठे होतात?"

नवनाथ तोंड उघडायच्या आत रोहिणी म्हणाली, "मीच नाय म्हणले, साहेब. हे तर चल चल करत होते."

पुढच्या ऑक्टोबरच्या छाटणीला रोहिणी नव्हती. शेवटच्या ओळीला पेस्ट लावून सुलाबाईनं हातमोजे काढले. बायांची ती मुकादम.

"दादा, झाली तुमची बाग."

नवनाथ पेस्टचा डबा आणि कापडाचा बोळा घेऊन पहिल्या ओळीत शिरला.

"अवं, तिथं लावलीय की!"

"मागून फुटणारे राहतात."

"राहतात तर राहू द्या. परत लावाल तर हायेत तेबी जळतील. वैनी सांगायच्या आम्हाला."

नवनाथचा हात काडीशी थांबला. बोळ्यातून पेस्ट मातीवर ठिबकत राहिली.