नातेवाइकांनी बाहेर बसावे

मुलुंडच्या एका शाळेत दर रविवारी वकिलांचा अभ्यासवर्ग भरत असे. खोली चौथी ‘ब’ची, त्यामुळे बाकंही चौथी ‘ब’च्याच मापाची. गुडघे छातीशी घेऊन वीस-बावीस वकील त्यात बसत. रविवार असूनही निम्मे जण काळा कोट घालून येत, कारण कोट काढला की आपल्याला कायद्यातलं काही येत नाही असा त्यांना संशय होता. यायची सक्ती कुणावरच नव्हती. सनद एकदा मिळाली की माणसाने मरेपर्यंत नवं काही शिकू नये, अशीच या धंद्याची रीत. पण मध्यंतरात बटाटेवडा मिळे, आणि शिकवायला क्षमाताई टिपणीस असत. त्यांनी आयुष्यात इतकी मृत्युपत्रं केली होती, की त्या समोरून आल्या की मुलुंडचे म्हातारे रस्ता ओलांडत.

त्या रविवारचा विषय होता ‘म्हातारा अशील आणि त्याची इच्छा’. सरावाला एक खराखुरा म्हातारा हवा होता. शिवदास धुरीने मागच्याच आठवड्यात हात वर केला होता. “माझे बाबा आणतो. त्यांची कशाला हरकत नसते.”

हे शिवदासचं नेहमीचं वाक्य. लवू धुरींची कशालाच हरकत नसते. ते कामाला होते ती कापडगिरणी संपानंतर बंद पडली ती पडलीच, तेव्हा ते काही बोलले नाहीत. मुलगा लग्न करून मुलुंडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेला, तेव्हाही नाही. आता भांडुपच्या डोंगरावरची त्यांची खोली विकून त्यांना मुलुंडला आणायचं शिवदासने ठरवलं होतं. मानखुर्दहून गिऱ्हाईक आज संध्याकाळी पाचला येणार होतं. बाबांनी फक्त सही करायची. वकील मुलगा आपल्या म्हाताऱ्याला डोंगरावर एकटा ठेवतो, असं आता पक्षकारसुद्धा बोलून दाखवायला लागले होते.

क्षमाताईंनी लवूंना मास्तरांच्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, “काका, तुम्हाला काय हवंय?”

“तसं त्यांना काही नको असतं,” शिवदास म्हणाला.

“धुरी, मी काकांना विचारलं.”

“हो, पण मॅडम, ते बोलत नाहीत फारसे. मी सांगतो ना.”

“पहिला नियम,” क्षमाताई वर्गाकडे वळून म्हणाल्या. “म्हाताऱ्या माणसाशी बोलताना नातेवाइकांनी बाहेर बसावे. धुरी, बाहेर.”

“मॅडम, मी वर्गातला आहे.”

“तुम्ही नातेवाईकही आहात. दोघांपैकी एक जण आत राहू शकत असेल तर राहू दे.”

शिवदासने क्षणभर खरोखरच विचार केला. मग तो बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला. मार्तंड सावंतने आतून दार लावून घेतलं. हा त्याचा जुना दोस्त, कोर्टात एकच टेबल वापरणारा.

आतलं काही ऐकू येईना. जन्मभर साच्यांवर कापड विणलेल्या माणसाचा आवाज मोठा असेल असं लोकांना वाटतं. पण त्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून साचेवाले ओठांनी बोलायला शिकतात. लवूंचा आवाज समोरच्या माणसाच्या नाकापर्यंत कसाबसा पोचे.

आणि एकदम आतून गजर झाला, “व्हय म्हाराजा.”

शिवदास ताडकन उठला. बाबा गाऱ्हाणं घालत होते. गावी देवळात मांडावर, म्हणजे मानाच्या जागी, उभं राहून गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होकार द्यायचा. गावाकडे हे काम लवूंचंच. इच्छा सांगायची दुसरी पद्धत त्यांना ठाऊकच नसावी. वर्गातले निम्मे वकील मालवण-कुडाळचे; त्यांच्या तोंडून होकार आपोआप पडला असणार.

पुन्हा “व्हय म्हाराजा.” या वेळी त्यात घाटकोपरच्या शहासाहेबांचाही आवाज होता.

शिवदास दाराला कान लावून उभा राहिला. एक भरलेला वर्ग त्याच्या बापाच्या कुठल्यातरी मागणीला एकमुखाने मान्यता देत होता, आणि मागणी काय ते एकट्या त्यालाच माहीत नव्हतं. शेवटचा होकार तर इतका दणदणीत झाला की वरच्या मजल्यावरचा शिपाई खाली बघायला आला.

दार उघडलं तेव्हा दोन वकील डोळे पुसत होते. लवू बटाटेवडा खात होते.

“मार्तंड, काय म्हणाले रे?”

“नाही सांगता येत.”

“अरे, माझा बाप आहे तो.”

“म्हणूनच. अशिलाने विश्वासाने सांगितलंय. आजचा दुसरा नियम.”

“फालतूपणा करू नकोस यार.”

“तू विचार ना त्यांना,” मार्तंड म्हणाला. “तोंड नाहीये का तुला? कोर्टात तर बंद होत नाही.”

भांडुपच्या बसमध्ये इंजिनाशेजारची सीट मिळाली. सगळी बस भांड्याच्या दुकानासारखी वाजत होती. शिवदासने विचारलं, “बाबा, तुम्हाला काय हवंय?” आणि उत्तर ऐकू येईना, म्हणून तो वळून त्यांच्या ओठांकडे बघत बसला. बापाचा चेहरा इतका वेळ त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

“माका खोली सोडूची नाय,” लवू म्हणाले. “दशरथाक पेपर कोण वाचून दाखवतलो?”

शेजारच्या खोलीतला दशरथ त्यांच्याच साचेखात्यातला. आता दोन्ही डोळे गेलेला.

“पेपर काय, दुसरं कोणी वाचेल.”

“दुसरो पेपरात असा ता वाचतलो.”

“मग तुम्ही काय वाचता?”

“गिरणी परत सुरू होता हा, असा वाचतंय. गेल्या म्हयन्यात बॉयलर पेटवलो. आता साचे साफ करूक घेतले हत. मी मुलुंडाक इलंय तर सगळा बंद पडतला, झिला. दुसऱ्यांदा बंद पडलेली दशरथाक झेपाची नाय.”

शिवदासने यावर कायद्यात काही सापडतं का ते बघितलं. भांडुप आलं तरी सापडलं नाही.

पाच वाजता मानखुर्दचं गिऱ्हाईक आलं. अनंता म्हणून पन्नाशीचा माणूस, अंगात वॉचमनचा खाकी शर्ट. दशरथ आधीच खाटेवर येऊन बसला होता.

“माफ करा,” शिवदास म्हणाला. “तुम्हाला फुकट हेलपाटा पडला. खोली विकायची नाही.”

“सकाळपर्यंत तर विकायची होती.”

“सकाळी मी बाबांना विचारलं नव्हतं.”

अनंताला हे कारण नवीन असावं. तो लवूंकडे बघत दारातच उभा राहिला. लवूंनी त्याला चहा दिला, कारण चहाचं आधण ठेवलेलंच होतं, आणि हातात पेपर घेतला. उघडलं ते सिनेमाच्या जाहिरातींचं पान. दशरथच्या कानाशी तोंड नेऊन ते वाचू लागले.

“साच्यांची साफसफाई पुरी. पयल्या पाळीची यादी लागतली.”

“किती जणांची?” दशरथने विचारलं.

लवू अडले. आकडे त्यांना कधीच सुचत नसत. त्यांनी शिवदासकडे पाहिलं.

शिवदास पुढे वाकला आणि एका नटीच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, “खाली दिलंय बाबा. आकडा अजून ठरायचाय. पण कँटीन सोमवारपासून उघडतंय.”

“कँटीन आदी उघडूक व्हया होता,” दशरथ म्हणाला. “उपाशी माणूस साचो चालवता काय?”

अनंताने कप खाली ठेवला. त्याने एकदा त्या नटीकडे पाहिलं, मग दशरथच्या डोळ्यांकडे, मग स्वतःच्या खाकी बाहीकडे. तो दारातून आत आला आणि खाटेच्या कडेला टेकला.

“मी पण गिरणीतलाच, फोल्डिंग खात्यात होतो,” तो म्हणाला. “आम्हाला पण बोलावतायत म्हणे.”

“फोल्डिंगवाले?” दशरथने मान हलवली. “तुमका सगळ्यात शेवटी बोलावतले. आदी कापड तरी होवंदे.”