बाबांचा डावा हात

बारावीला छापचित्रण हा विषय घेतला म्हणून ठकीला घरात कमी बोलणी बसली नाहीत. आत्या तर म्हणाली, "ठसे मारायला शाळा कशाला लागते गं? पोस्टात लाग!" ठकीने सगळं ऐकून घेतलं आणि करायचं तेच केलं. हट्टी म्हणजे हट्टी!

परीक्षेच्या छाप्यासाठी तिने बाबांनाच निवडलं. बाबा न्हावी, आणि तेही डावखुरे. त्या हाताबद्दल त्यांनी लहानपणी घरच्यांचा मार खाल्ला, धंद्यात पडल्यावर "अहो, कान तेवढा शाबूत ठेवा" असली थट्टा ऐकली. पण हात काही बदलला नाही.

लिनोच्या मऊ, रबरासारख्या तुकड्यावर ठकीने कात्री चालवणारे बाबा कोरले, गिऱ्हाइकाचा केस न् केस कोरला. रोलरने शाई फिरवली, कागद ठेवून दाबला, अलगद उचलला. सर खूश! "वर्गात असं काम नाही. पहिला नंबर तुझाच."

ठकीने मात्र कपाळावर हात मारला. छापा नेहमी उलटा उमटतो, म्हणून चित्र आधीच उलटं काढायचं, हे तर अगदी सुरुवातीला शिकवलेलं. आणि ही बया बाबांना बघून जसंच्या तसं कोरून बसली! कागदावर कात्री उजव्या हातात.

"अगं, परीक्षकांना काय माहीत तुझे बाबा डावखुरे?" सर म्हणाले. "उद्या दुपारी काम द्यायचंय. नवीन कोरशील तर घाईत बिघडेल, नंबर जाईल."

"सर, आयुष्यभर लोक त्यांचा हात बदलायला बघत होते. आता मीपण बदलू?"

सरांनी कपाटातून नवीन लिनो काढून दिला.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडल्यापासून ती मान वर न करता कोरत होती. बोटाला फोड आली, केस जाडेभरडे उतरले, कॉलरपाशी कोरणी घसरून पांढरा ओरखडा पडला. पण कात्री डाव्या हातात आली.

निकाल लागला, ठकी दुसरी. प्रदर्शनाला बाबा आत्याला घेऊन आले, तेव्हा सरांनी सगळं सांगून टाकलं. बाबा भडकलेच.

"वेड लागलंय का तुला? एवढ्याशा हातासाठी चालून आलेला नंबर घालवलास?"

बाबा तणतणत भिंतीवरच्या छाप्याकडे वळले आणि तिथेच थबकले. मग आत्याला दंडाला धरून त्यांनी पुढे ओढलं.

"बघ ताई! आईच्या सांगण्यावरून दोरीने बांधून ठेवायचीस ना तू, तोच हा हात. माझ्या पोरीने सगळ्या शाळेला दाखवला." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटली नाही.

आत्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बांधायचे खरी," ती म्हणाली. "चुकलंच रे माझं. आता हे दुकानात लाव, अगदी दारासमोर."