पाच इंच कमी

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. शिडाच्या होडीला मागून लावतात ना, तसली लहानशी. वारा असला की मला कोणी विचारत नाही, आणि वारा पडला की माझी दोरी ओढून ओढून जीव काढतात. गरज सरो, वैद्य मरो. सध्या मी दुरुस्तीवाल्याच्या शेडमध्ये लाकडी घोडीवर अडकवलेली आहे. फार थकले आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही, तेवढी सांगते.

कारखान्यात आम्ही दोघी जुळ्या जन्मलो. डोकं तेच, ताकद तीच, पंखाही तोच. फरक फक्त दांड्याचा. आम्हाला होडीच्या मागच्या फळीवर अडकवतात आणि तिथून पाण्यात उतरणारा आमचा जो पाय, तो दांडा. माझा पंधरा इंची, बहिणीचा वीस इंची. फळी ठेंगणी असेल तिथे मी जायचं, उंच असेल तिथे तिने. यात कोणी सरस नाही की कोणी कमी नाही.

मला घेतलं एका सुतारमिस्त्रींनी. उभा जन्म त्यांनी दारं-खिडक्या बसवल्या. त्यांच्या दाराखालून कागद सरकत नसे. म्हातारपणी हौसेने स्वतःच्या हातांनी होडी बांधली. ती पाण्यात उतरवली त्या दिवशी त्यांचे तीन मेहुणे चढले आणि मागच्या बाजूला फतकल मारून बसले. तिघेही अंगापिंडाने भरलेले. होडीची शेपटी खाली गेली, आणि नेमकं तेव्हाच मिस्त्रींनी फळीच्या कडेपासून पाण्यापर्यंत पट्टी लावली. पंधरा इंच भरले, म्हणून मला आणलं. दुकानदाराने विचारलंही होतं, की होडी रिकामी असताना, कडेपासून पार तळापर्यंत मोजलंत ना? मिस्त्री म्हणाले, मापं घेता घेता माझे केस पिकलेत.

पहिल्याच फेरीत लाट आली, होडीची शेपटी उचलली गेली आणि माझा पंखा पाण्याबाहेर आला. हवेत फिरणारा पंखा होडी ढकलत नाही, नुसता बोंबलतो. गार करायला पाणी मिळेना, म्हणून मी तापलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी मिस्त्री एकटेच आले. रिकामी होडी मोजली. वीस इंच भरले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पट्टी गुपचूप खिशात घातली. मला तेव्हाच बदलून आणता आलं असतं. पण मग मेहुण्यांना सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे, मोटरच कुचकामी निघाली असं ते गावभर सांगत सुटले. मला फार लागलं ते.

मग त्यांच्या एक लक्षात आलं. काकू, म्हणजे मिस्त्रींची बायको, मागे बसल्या की होडी दबते आणि माझा पंखा पाण्याला टेकतो. त्या दिवसापासून प्रत्येक फेरीला ते म्हणत, "मागे ये, माझ्याजवळ बस."

नऊ वर्षं काकू मागे बसल्या. माझा धूर त्यांच्या तोंडावर, शिंतोडे अंगावर. पाठ धरायची, तरी कुरकुर नाही. एकदा धक्क्यावर त्या शेजारणीला हसत सांगत होत्या, की घरी हे दोन शब्द बोलतील तर शपथ, पण होडीत मला बाजूला हलू देत नाहीत. मी ते ऐकलं. मला वाचा असती तर बरं झालं असतं, की नसलेलीच बरी होती, हे मला अजून ठरवता येत नाही.

एका दुपारी बंदराच्या भिंतीशी वारा पडला, तसं मिस्त्रींनी मला सुरू केलं. शीड वर अडकलं आणि प्रवाह होडीला भिंतीखालच्या खडकांकडे ओढू लागला. शीड सोडवायला मिस्त्री पुढे धावले, तशी शेपटी वर आली आणि मी हवेत किंचाळू लागले. मिस्त्री ओरडले, "पार मागे सरक. मोटरवर वजन टाक." काकूंनी माझ्या तापलेल्या डोक्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. त्यांचं कातडं भाजताना मला कळत होतं आणि मला थांबता येत नव्हतं. पंख्याने पाणी धरलं. होडी भिंतीपासून हातभर अंतरावरून निघाली.

धक्क्यावर दुरुस्तीवाल्याने फळीला टेप लावली. "मिस्त्री, दांडा पाच इंच कमी आहे. इतकी वर्षं चालवलीत कशी?"

भाजलेल्या हातावर ओलं फडकं धरून काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. तू मागे बसलीस की चालायची."

काकूंनी फडकं हाताला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्हाला मी जवळ हवी असते."

आणि त्या एकट्याच चालत घरी गेल्या.

पुढच्या आठवड्यात माझी लांब पायाची बहीण आली. मला काढून हातगाडीवर ठेवलं होतं, तिथून मी सगळं पाहिलं. आता तू कुठेही बसलीस तरी चालेल, असं मिस्त्री काकूंना म्हणाले. त्यांनी आपल्या शेजारची जागा पुसून वर घडी घातलेली चादर ठेवली होती. काकूंनी ती पाहिली. मग त्या होडीच्या पार पुढे जाऊन बसल्या, पाण्याकडे तोंड करून. बहीण एकदाही बोंबलली नाही. होडी सुरेख गेली.

मित्रांनो, मोटर घेताना होडी रिकामी करा, फळी कडेपासून तळापर्यंत मोजा आणि मगच दांडा ठरवा. तरीही चुकलंच, तर दुसऱ्याच दिवशी दुकानात जा. दुकानदार हसेल, मेहुणे हसतील, हसू द्या. मोटर बदलून मिळते. काकूंची ती नऊ वर्षं मिस्त्री कोणत्या दुकानातून बदलून आणणार?