शब्दकोशातला किसन

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या पाठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलेली आहे आणि शेवटची दोन पानं कुणी कधी पळवली, ते मलाही आठवत नाही. पण म्हणून मला बिचारा समजू नका. अंबरनाथच्या बुवापाड्यात सात-आठ वर्षं माझ्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं.

माझा जन्म छापखान्यातला. शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून कारागिरांनी माझी नऊशे पानं उभी केली. पहिली वीस वर्षं मी कल्याणच्या एका वकिलांच्या कपाटात काढली. वकील गेले, घर रिकामं झालं आणि मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या रद्दीच्या दुकानात येऊन पडलो. तिथे माझ्याकडे एकच काम होतं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याच्या पायाशी ठेवत. पोटात वीस हजार शब्द आणि करायचं काय, तर दार अडवायचं! मला फार राग येई.

तिथून मला सोडवलं मालिनीताईंनी. त्या बुवापाड्यात बालवाडी चालवत. जुन्या चित्रांची पुस्तकं शोधायला आल्या आणि त्यांची नजर खाली गेली. त्यांनी मला उचलून पदराने पुसलं. दुकानातले शेटजी म्हणाले, "ले जाओ बहनजी, पढ़नेवाली चीज है, दरवाजे का मैं देख लूंगा." त्या दिवसापासून माझे दिवस पालटले.

बुवापाड्यातली बहुतेक माणसं कारखान्यांत कामाला, आणि कारखान्यांचे कागद इंग्रजीत. कागद आला की तो मालिनीताईंकडे येई. त्या हात धुवून मला पिठाच्या डब्यावर ठेवत आणि चष्मा लावत. अर्थ निघाला की शेजारचे महिपती मान डोलावून म्हणत, "आता कोर्टात गेलं तरी हेच निघंल." मी खरंच फुशारून जाई. जगातलं सगळं माझ्या पोटात आहे, असं मला वाटे.

ही गोष्ट ब्याण्णव सालच्या गणपतीनंतरची. एका संध्याकाळी किसन आणि त्याची बायको वेणू दोघंही आली. किसन आनंदनगरच्या एका डबे बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होता. तीन वर्षं टेंपरवारी होता आणि या दिवाळीला परमनंट होणार, असं सगळे धरून चालले होते. तसं झालं नाही तर त्यांना वांगणीच्या पलीकडे गावी जाऊन पुन्हा भातशेतीला लागावं लागणार होतं. वेणूने पोरीला नुकतंच इथल्या शाळेत घातलं होतं, म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

किसनला कारखान्यातून मिळालेल्या कागदात लिहिलं होतं की काम ठीक आहे, पण स्वभाव 'सलन' असल्याने परमनंट करता येत नाही. काही म्हणायचं असल्यास आठ दिवसांत कळवावं.

मालिनीताईंनी माझं 'एस' उघडलं. मी नेहमीच्या ऐटीत अर्थ सांगितले आणि त्यांनी ते एकापाठोपाठ एक वाचले. घुमा. तुसडा. कुढा. मनात अढी धरणारा. कायम कपाळाला आठ्या घालून बसणारा.

वेणू ऐकत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, "घुमा बरोबर हाय. आठ्याबी हायेत. बाकीचा हा मानूस कोन, मी नाय वळखत."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी खोटं पाडलं होतं.

मालिनीताईंनी किसनला खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला. महिन्याभरापूर्वी नवे साहेब आले होते. ते रोज सकाळी मशीनपाशी येऊन नमस्कार करत आणि किसन तोंड फिरवून उभा राही. कारण त्या वेळी तो मशीन ऐकत असे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काही कुरकुरत असेल तर ते कानाला कळतं. त्यात कुणी बोललं की आवाज हरवतो. जुन्या साहेबांना हे माहीत होतं. नव्यांनाही माहीत असेल, असं किसन धरून चालला. "सांगायचं काय त्यात," तो म्हणाला. बोलायला जिभेला वजन बांधल्यासारखा माणूस!

उत्तर लिहायचं ठरलं. पण मालिनीताई म्हणाल्या की साहेबांनी इंग्रजीत एक शब्द लावलाय, तर आपणही इंग्रजीतलाच एक योग्य शब्द देऊ. इथे माझी पंचाईत झाली. मी इंग्रजीवरून मराठी सांगतो, मराठीवरून इंग्रजी नाही. कान देऊन ऐकणाऱ्याला काय म्हणतात, हे शोधायचं तर पहिल्या पानापासून माझा एकेक अर्थ वाचत जायला हवं. दोघी बायका बसल्या. अर्थ वाचायचा, किसनकडे बघायचं, नाही म्हणायचं, पुढे जायचं. 'आनंदी' आला तेव्हा वेणूने पान पटकन उलटलं. साठाव्या पानाच्या आसपास 'अटेंटिव्ह' आला. लक्ष देणारा, कान देऊन ऐकणारा. वेणू म्हणाली, "हा माझा नवरा."

दुसऱ्या दिवशी अर्जाबरोबर किसन मलाही पिशवीत घालून घेऊन गेला. साहेबांनी अर्ज वाचला, मला उघडून दोन्ही शब्द पाहिले आणि थोडे घुश्शातच विचारलं की हे तू तोंडाने का नाही सांगितलंस? किसन त्यांना मशीनपाशी घेऊन गेला, स्क्रूड्रायव्हर बेअरिंगवर टेकवला आणि मूठ त्यांच्या कानाला लावली. साहेब काहीतरी बोलू लागले, तसा त्याने ओठांवर बोट ठेवलं.

साहेब बराच वेळ ऐकत राहिले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"खरखर येतेय," ते म्हणाले.

"चार दिस झाले, साहेब. मेस्त्रीला सांगून ठेवलंय."

मशीन उघडलं तर बेअरिंगला तडा गेलेला. साहेबांनी आपला शेरा स्वतःच्या हाताने खोडला. दिवाळीआधी किसन परमनंट झाला.

आता मालिनीताई थकल्या आहेत, मुलांकडे नवे गुळगुळीत कोश आहेत आणि मी फळीवर धूळ खात असतो. मित्रांनो, माझ्यासारख्यांची जिल्द बांधा, वाळवी लागू देऊ नका, कधीतरी उघडून वारा द्या. शब्द माझ्याकडून हवे तेवढे न्या. पण ते कुणाला चिकटवण्याआधी त्या माणसापाशी घटकाभर उभे राहा. ते काम मला जमत नाही, तुम्हाला जमतं.

आणि एक विनंती. माझं 'एस' उघडाल तर 'सलन'च्या पुढे, छापलेल्या पाच अर्थांखाली, पेन्सिलीने वाकड्या अक्षरात लिहिलेलं दिसेल: 'किसन नाही.' ते वेणूने लिहिलं आहे. तेवढं कुणी खोडू नका.