साहेबाची चाल

‘ऑफिसातला साहेब’ या फेरीत उतरलेल्यांपैकी खराखुरा साहेब एकच होता, आणि सगळ्यांत आधी बाद झाला तो तोच.

रविवारची दुपार होती. एरवी बॅडमिंटन चालतं त्या हॉलमधली जाळी गुंडाळून मधोमध एक लांब पट्टा मोकळा ठेवला होता. दोन्ही बाजूंना माणसं, टोकाला टेबल, टेबलामागे तीन परीक्षक. याला बॉल म्हणतात. पुरुषाला पुरुष आवडतो, बाईला बाई, अशा कारणांनी ज्यांना आपल्या घरात थारा नसतो, किंवा थारा असतो पण मोकळा श्वास घेता येत नाही, अशांनी आपली आपली घरं उभी केलेली असतात. प्रत्येक घराला एक आई असते आणि बॉलमध्ये ही घरं एकमेकांशी हिरिरीने भिडतात. कुणी व्होग नाचतं, म्हणजे मासिकातल्या मॉडेलसारख्या पोझ घेत, मनगटं भिरभिरवत, उकिडवं चालत जातं आणि शेवटी धाडकन पाठीवर पडतं. कुणी नुसतं चालून दाखवतं. चालण्यातली एक फेरी अशी की तुम्ही साहेब दिसायचं, आणि ते इतकं हुबेहूब की रस्त्यात कुणाला संशय येऊ नये. त्या फेरीत मन्या उतरला होता.

मन्या हे नाव त्याला त्याच्या घराने दिलेलं; त्या घराची आई म्हणजे माई. मांजरासारखा, पाऊल न वाजवता यायचा आणि जायचा, म्हणून. आठवडाभर तो विमा कंपनीत दावे तपासणारा अधिकारी असे. स्वतःची केबिन, दारावर पाटी. ही फेरी आपल्या खिशात आहे असं त्याने धरूनच ठेवलं होतं. रोजचा कोट घातला, रोजचे बूट घातले, ऑफिसचं कार्ड गळ्यात अडकवलं आणि निघाला. अर्ध्या पट्ट्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच मधल्या परीक्षक बाईंनी हात वर केला. पांढऱ्या केसांच्या या बाई एकेकाळी नाच शिकवायच्या. त्यांच्या हाताखालून गेलेली दोन-तीन घरं त्या हॉलमध्ये बसलेली होती.

“थांब बाळा,” बाई म्हणाल्या. “तुझा साहेब खोटा वाटतो.”

हॉल हसला. मन्याने कार्ड पुढे केलं. “बाई, मी खरंच साहेब आहे. हा फोटो बघा.”

बाईंनी चष्मा वर करून बघितलं. “फोटोतही तसाच दिसतोयस.”

ती फेरी मन्याच्याच घरातल्या झुंबरने मारली. झुंबर माईच्या पार्लरमध्ये केस कापायचा. कोट मागून आणलेला, बाह्या आतून टाचण्यांनी दुमडलेल्या. पण त्याने चालता चालता घड्याळाकडे एक नजर टाकली मात्र, पहिल्या रांगेतली दोन माणसं उगाचच सावरून बसली. तिन्ही परीक्षकांनी दहाचे आकडे वर केले.

सोमवारी पार्लर बंद असे. त्या दिवशी तिथे घराचा सराव चाले. मन्या तोंड पाडून आरशासमोरच्या खुर्चीत बसला होता. माई चहाचे कप विसळत होती.

“मला एक सांग,” ती म्हणाली. “तू आपल्याच केबिनचं दार वाजवून आत जातोस का रे?”

मन्याने विचार केला. “कधी कधी.”

“बघ.”

“आत कुणी बसलेलं असलं तर?”

“तुझ्या केबिनमध्ये?”

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर पडली. हात हवेत जाऊ नयेत म्हणून तो ऑफिसात ते खिशात ठेवायचा. विनोदावर बाकीचे हसले की मागून हसायचा. टायचा रंग आधी दोघातिघांच्या गळ्यात बघायचा आणि मगच आणायचा. लग्नाचा विषय निघाला की त्याला नेमका फोन यायचा. नोकरीला लागल्यापासून हे चाललं होतं आणि आता त्याचे कष्टही वाटेनासे झाले होते.

“साहेब आहेस, पण पकडला जाशील या भीतीने चालतोस,” माई म्हणाली. “बाईंना तेवढंच दिसलं. त्यांचं काही चुकलं नाही.”

त्याला साहेब करायचं काम झुंबरवर सोपवलं गेलं. झुंबरने उभ्या जन्मात कुठल्या ऑफिसचा उंबरा ओलांडला नव्हता. त्याचं सगळं ज्ञान टीव्हीवरच्या मालिकांमधलं होतं आणि त्याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती.

“कुणी आत आलं की साहेब आधी खिडकीकडे बघतो, मग माणसाकडे,” त्याने सांगितलं.

“असं कुणी करत नाही. आमची खिडकी पार्किंगवर उघडते.”

“मग पार्किंगकडे बघ. आणि कुणी प्रश्न विचारला तर चष्मा काढायचा. उत्तर द्यायचं नाही. थोड्या वेळाने चष्मा परत लावायचा.”

“आणि उत्तर?”

“उत्तर देणारे खालचे असतात,” झुंबर म्हणाला.

हे सगळं भंपक आहे हे मन्याला कळत होतं, पण हरल्याची रुखरुख मोठी होती. म्हणून तो दर सोमवारी जात राहिला. चालून झालं की माई त्याला आरशापुढे उभं करून व्होगचे हात करायला लावी. मनगट आत, मनगट बाहेर, बोटं गालावरून, कपाळावरून. सुरुवातीला त्याचे हात लाकडासारखे हलायचे. पुढे पुढे ते इतके मोकळे झाले की बसथांब्यावर उभा असतानाही त्याची बोटं आपोआप फिरू लागत, आणि ती परत खिशात घालायचं त्याच्या लक्षात राहीनासं झालं.

ऑफिसात काही करून दाखवायचा त्याचा इरादा नव्हता. पण एका बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं की इतके दावे तुंबलेत कसे. पूर्वीचा मन्या असता तर घाम पुसत पुसत सगळे आकडे सांगून मोकळा झाला असता. त्याऐवजी त्याने चष्मा काढला आणि पार्किंगकडे बघितलं. मग वसुलीवाल्याने घसा खाकरून कबूल केलं की थोडी दिरंगाई त्यांच्याकडून झाली. त्याच्यामागून दुसऱ्याने कबूल केलं. मन्याने चष्मा परत लावला.

“तुमचा मुद्दा बरोबर आहे,” मोठे साहेब त्याला म्हणाले.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. मन्याचं काम पूर्वीइतकंच होतं, खरं तर थोडं कमीच, पण लोक त्याच्यासाठी लिफ्ट धरून ठेवू लागले. वर्ष सरायच्या आत तो विभागप्रमुख झाला. सत्काराच्या भाषणात मोठे साहेब म्हणाले, “या माणसात बनावट म्हणून काही नाहीच. आत एक, बाहेर एक, हा प्रकारच नाही.” टाळ्या पडल्या. मन्याने झुंबरच्या सांगण्याप्रमाणे दात न दाखवता मान हलवली.

मन्या राहायचा ताईकडे. ताई त्याच्यापेक्षा बरीच मोठी, शाळेत गणित शिकवणारी, एकटी. आई-वडिलांमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. सोमवारी कुठे जातोस असं तिने विचारलं तेव्हा तो व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास म्हणून सांगून बसला होता. बढतीनंतर मोठे साहेब सपत्नीक घरी चहाला आले आणि ताईने अभिमानाने सांगितलं, “सगळं श्रेय त्या क्लासला. आमचा हा पूर्वी दारातून आत आला तरी कळायचं नाही.”

“अस्सं?” मोठे साहेब पुढे सरकले. “मग त्यांना आमच्याकडेच बोलवा की. सगळ्यांनाच गरज आहे.”

मन्याला ठसका लागला.

माईने मात्र आढेवेढे घेतले नाहीत. ठरल्या दिवशी ती कडक इस्त्रीच्या कपड्यांत आली, मागून झुंबर, आज स्वतःच्या मापाच्या कोटात. मन्याने दिवसभर जीव मुठीत धरला होता, पण कुणी कसलीच चौकशी केली नाही. हिशेबनीस, वसुलीवाले, टायपिस्ट बाई, सगळे रांगेने बैठकीच्या खोलीत चालले, खिडकीकडे बघत थांबले, आरशाअभावी काचेच्या कपाटापुढे मनगटं फिरवून गेले. मोठे साहेब तर थांबायलाच तयार नव्हते. “माझा हा खांदा किती दिवसांनी हलला,” असं ते सारखं म्हणत होते.

संध्याकाळी माई हटून बसली. “ज्या ताईंनी आपल्याला हे काम मिळवून दिलं त्यांना भेटल्याशिवाय मी जायची नाही.” मन्याचा इलाज चालला नाही.

ताईने आग्रहाने बसवून घेतलं, चहा टाकला. मग झुंबरला म्हणाली, “बघू तरी, काय शिकवता ते.” झुंबरला एवढं पुरे होतं. त्याने टेबल सरकवलं, हात केले, उकिडवा चालत सोफ्यापर्यंत गेला आणि एक पाय दुमडून, दुसरा हवेत ठेवून पाठीवर पडला. बशा वाजल्या.

ताईने गॅस बारीक केला. माईकडे नीट बघितलं, मग भावाकडे.

“हा क्लास नाही ना?”

“नाही,” मन्या म्हणाला.

मग त्याला सांगावं लागलं. घर म्हणजे काय, माई कोण, बॉल काय असतो, तिथे कोण येतं आणि तो स्वतः का जातो. शेवटचं वाक्य त्याने जमिनीकडे बघून म्हटलं. झुंबर अजून खालीच होता, कारण उठायची ही वेळ नाही हे त्याला समजत होतं.

ताईने चहा गाळला. एक कप भरून उतू गेला, तो तिने फडक्याने पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

“आणि त्या स्पर्धेत तुझा नंबर कितवा आला?”

“नंबर नाही आला. पहिल्यालाच बाहेर काढलं.”

“कशात?”

“साहेबाच्या फेरीत.”

“का?” ताईने फडकं ठेवलं आणि माईकडे वळली. “काय कमी आहे हो याच्यात? तुमचे ते परीक्षक कशावर मार्क देतात? काही ठरलेलं आहे की मनाला येईल तसं?”

“ताई, तेव्हा तो जरा...” माईने सुरुवात केली.

“जरा काय? मी इतकी वर्षं पेपर तपासतेय. उत्तर बरोबर असेल तर शिक्षकाला मार्क द्यावेच लागतात.”

दोघींची चांगलीच जुंपली. चहा निवला. झुंबर उठून बसला आणि त्याने मन्याला डोळ्यानेच बिस्किटं मागितली.

बाकीचं बोलणं एका बैठकीत झालं नाही. ताई आठवडाभर मोजकंच बोलली, एकदा जेवता जेवता उठून गेली आणि काही प्रश्न तिने अजूनही विचारलेले नाहीत. मात्र पुढच्या बॉलला ती आली. साहेबाच्या फेरीचा पहिला टप्पा मन्याने पार केला आणि दुसऱ्यात तो साहेब झालेल्या एका नर्सपुढे हरला, आणि ती नर्स त्याच्यापेक्षा सरस होती हे त्याला स्वतःला मान्य होतं. ताईला नाही. ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली. पांढऱ्या केसांच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग शेजारची खुर्ची ओढून तिला बसायला सांगितलं, कारण मागच्या रांगांना दिसत नव्हतं.

ताई तिथे बसली आणि शेवटच्या फेरीपर्यंत बाईंच्या प्रत्येक आकड्यावर कुजबुजत हरकत घेत राहिली.